हळदीचा डाग

“इसका गंदा पानी बाहर से दिखता है क्या?” कुमुदने विचारलं.

सेल्समनने गालिचे-फरशा धुवायची दोन मशीनं टीपॉय सरकवून समोर मांडली होती. एकाची टाकी पारदर्शक, दुसऱ्याची काळी. पारदर्शक टाकीवर त्याने अभिमानाने बोट वाजवलं. “दिखता है मैडम. कितना मैल निकला, सब सामने.”

“फिर दूसरा दिखाइए.”

हेमलताला हसू आलं. “अगं, दिसायलाच हवं. पाणी स्वच्छ येईपर्यंत खेचत राहायचं. नाहीतर कळणार कसं?”

“घाण बघायचीय कशाला, ताई? गेली की झालं.”

हेमलता फरीदाबादच्या शाळेतून रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. धाकटी बहीण मशीन घेतेय म्हटल्यावर तिला राहवलं नाही. डेमो बघितल्याशिवाय घ्यायचं नाही असं तिने फोनवर बजावलं आणि आपल्या जुन्या शाळेत येणाऱ्या सेल्समनलाच पाठवते म्हणाली. कुमुद आधी नकोच म्हणत होती. मग म्हणाली, आज नको, उद्या ये.

दिल्लीतल्या आर. के. पुरमचं ते सरकारी क्वार्टर आज नेहमीपेक्षा गार होतं. जानेवारी असून सगळ्या खिडक्या सताड उघड्या. कोपऱ्यात उदबत्त्यांचा जुडगा जळत होता.

“सासूबाई रविवारी येतायत,” कुमुद म्हणाली. “गालिचा त्यांचा. त्यांच्या लग्नातला. हा डाग दिसला ना, तर मला या घरात राहू देणार नाहीत.”

“ड्रायक्लीनला दे ना मग.”

“घराबाहेर नाही द्यायचा. आणि बाथरूमच्या टाइल्सपण आहेत. फटींत जाऊन बसतं गं सगळं.”

डाग गालिच्याच्या मधोमध होता, परातीएवढा. जाड पिवळा, मध्ये करपल्यासारखा. मागच्या आठवड्यात हळदीकुंकवाला वाटी उपडी झाली म्हणे. हेमलता वाकली. हळदीचा वास अजून ताजा होता.

“मध्ये काळं कशानं झालंय?”

“चहा सांडला त्यावर. हात धुवून मागे लागलंय नशीब.”

“अविनाशचा फोन?” हेमलताने कुमुदच्या नवऱ्याची चौकशी केली.

“मानेसरला नाइट शिफ्ट आहे ना. तिथंच खोली घेतलीय. लागतच नाही फोन.”

टीव्हीशेजारी अविनाशचा चष्मा होता. जाड काचांचा. त्याच्याशिवाय त्याला समोरचा माणूस ओळखू येत नसे.

“चष्मा विसरला की काय?”

“नवीन केलाय,” कुमुद म्हणाली आणि सेल्समनकडे वळली. “भैया, चलो, दिखाओ.”

त्याने आधी बाथरूमपाशी टाइलवर पट्टा मारून दाखवला. गरम पाणी फवारायचं, लगेच ओढून घ्यायचं. फटी उजळल्या. मग पंप घेऊन तो गालिच्यापाशी गुडघ्यांवर बसला. “पहले ये केमिकल. टाइल वाला है, थोड़ा तेज़ है.”

त्याने फवारा मारला.

पिवळा रंग क्षणभर तसाच राहिला. मग काठाकडून लाल झाला. लाली आत सरकत गेली आणि बघता बघता सगळा डाग लालभडक झाला, ओला, चकाकणारा. सेल्समनच्या हातातून पंप पडला.

“मैडम... ये तो खून है!”

 कुमुदने ताईकडे बघितलं.

हेमलता खळखळून हसली. “अरे भैया, बैठो! हल्दी है. आपका केमिकल क्षारवाला है ना, हल्दी उसमें लाल होती ही है. कुंकुम भी ऐसे ही बनता था.” मग कुमुदच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, “आठवतं? तुझ्या हळद लागलेल्या रुमालावर मी साबण चोळला होता. केवढं भोकाड पसरलंस, रक्त रक्त म्हणून! आणि मी म्हटलं, घाबरायचं काय त्यात, हळदच तर आहे.”

“आठवतं,” कुमुद म्हणाली. “पक्कं आठवतं.”

सेल्समनने कपाळ पुसलं. “डरा दिया आपने. कौनसी दूँ?”

“काली टंकीवाली. अभी छोड़ जाइए. बाकी मैं कर लूँगी.”

“अरे, थांब,” हेमलता म्हणाली. “बिचाऱ्याचा चेहरा बघ. त्याची खात्री पटवू. लिंबू पिळलं की परत पिवळं होतं.”

“लिंबू नाहीये घरात.”

“मी आणलीयत ना! माझ्या झाडाची, तुझ्यासाठी.” तिने पिशवीतून एक काढलं आणि टीपॉयवरच्या फळांच्या सुरीने कापलं.

“ताई, राहू दे.”

तोवर हेमलता खाली बसली होती. तिने कडेने फोड फिरवली. जिथे रस पडला तिथे लाल विरघळलं, लख्ख पिवळं झालं.

“वाह जी, जादू!” सेल्समन हसला. त्याच्या जिवात जीव आला. पाठ करून तो नको असलेल्या मशीनची वायर गुंडाळू लागला.

हेमलताने दुसरी फोड मधोमध पिळली. थांबली. पुन्हा पिळली, बोटं दुखेपर्यंत. भोवती सगळीकडे पिवळं झालं होतं. मधला लाल हलला नाही. उलट काळसर होत गेला.

तिने मान वर केली. समोर टीव्हीशेजारी तो चष्मा होता.

कुमुद हळूच तिच्याजवळ येऊन बसली. ताईच्या हातातली फोड तिने काढून घेतली आणि लहानपणी ताई तिचे पुसायची तसे पदराने तिचे हात पुसले.

“घाबरायचं काय त्यात, ताई?” ती म्हणाली. “हळदच तर आहे.”