वजनफळीवरचा ठिपका

नुकुअलोफा या बेटावरच्या शहरातल्या दवाखान्यात तोल जाणाऱ्यांसाठी नव्या औषधाची चाचणी चालू होती. माणसं निवडायचं काम माझ्याकडे होतं. वजनफळीवर डोळे मिटून, आधाराशिवाय उभं राहायचं. ज्याचा तोल जाईल त्यालाच औषध.

लुपेमावशी भिंत धरत आत आल्या, पण फळीवर खांबासारख्या ताठ उभ्या राहिल्या. भार जिकडे झुकेल तिकडे सरकणारा पडद्यावरचा ठिपका हललाच नाही. वजन मात्र जवळजवळ दुप्पट दिसत होतं. कमरेला इथल्या रीतीप्रमाणे गुंडाळलेली दुखवट्याची जाड चटई होती, ती मी सोडायला लावली. तरी आकडा फारसा उतरला नाही.

“मावशी, अशा उभ्या राहिलात तर औषध मिळणार नाही.”

“मी कुठे उभी आहे, पोरी? सेमिसीने दंड धरलाय.”

त्यांच्या नवऱ्याला, सेमिसीकाकांना, पुरून काही महिने झाले होते.

“मग दारातून येताना का नाही धरलं?” मी हसून विचारलं.

“कधी येतो, कधी नाही. जिवंतपणी तरी कुठे वेळेवर यायचा?” मग त्यांचा आवाज उतरला. “पण औषध हवंय गं. नातीला कडेवर घ्यायची भीती वाटते.”

“मग आधार सोडायला हवा, मावशी.”

त्यांनी आपल्या दंडाकडे मान वळवली. डोळे मिटलेलेच होते. हळूच म्हणाल्या, “सोड आता.”

त्या कोसळल्या. मी त्यांना वरच्या वर झेलून फळीबाहेर घेतलं.

रिकाम्या फळीचं वजन शून्यावर आलं नाही. पडद्यावरचा ठिपका हलला, सावकाश आमच्या बाजूला सरकला आणि अगदी कडेला येऊन थांबला.