उधव्याच्या जागेचा अहवाल

लतिकाने नाकावरचा रुमाल काढला नाही. उधव्याच्या त्या बंद रंगकारखान्यात शिरून पाऊण तास झाला होता, तरी वास कमी वाटत नव्हता.

कारखाना विकायला काढला होता. घेणाऱ्या दर्शनभाईंनी सौद्याआधी जागा तपासायला तिला पाठवलं होतं. शेड किती वर्षं टिकेल, जमिनीत न् पाण्यात काय मुरलंय, सगळं बघायचं होतं. सोबत विकणाऱ्याचा मॅनेजर सूर्यकांत होता. भिंतींना ताजा चुना, जमिनीवर ताजा मुरूम. वरून कीर्तन, आतून तमाशा. प्रत्येक कोपऱ्यात तो शपथेवर सांगे की इथं कधी काही सांडलंच नाही. लतिकाला त्या घाणीपेक्षा त्याच्या तोंडाचीच जास्त किळस आली.

तिने मुरूम उकरायला लावला. हातभर खाली जांभळा चिखल लागला, सडक्या अंड्यांच्या वासाचा. मागच्या खड्ड्यांत फुटकी पिंपं होती आणि त्यांतल्या एकावर फुगलेलं मेलेलं कुत्रं. ती भिंतीआड जाऊन ओकली. मग तोंड धुऊन तिने चिखलाचा नमुना बाटलीत भरून घेतला.

कुंपणापलीकडे पाड्याची विहीर होती. पाड्यावरची म्हातारी शुक्री तिथे भांडी घासत होती. पाण्यावर अजून तवंग होता. कंपनी चालू होती तेव्हा पाणी लालच यायचं, बंद पडल्यावर दोन पावसाळ्यांत जरा निवळलं, नातीच्या पायांवरचे फोड आता कुठे सुकले, असं तिने सांगितलं.

"परत चालू होनार काय, बाय?"

"माझा अहवाल वाचल्यावर ही घाण कोण विकत घेईल, मावशी?" लतिका म्हणाली.

निघताना सूर्यकांतने जरा सांभाळून लिहा म्हणून गळ घातली. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मार्च २०१७ची तारीख घालून तिने बासष्ट पानं लिहिली. एकेक खड्डा, एकेक पिंप, विहिरीचं पाणी, फोटोंसकट. कुणाची भीडभाड ठेवली नाही. अशी कामं तिने फार केली होती, पण या अहवालाचा तिला अभिमान वाटला.

डहाणू रोडच्या ऑफिसात दर्शनभाईंनी तो पानन् पान वाचला. लतिका त्यांचा चेहरा पडायची वाट बघत होती. त्यांनी चहा मागवला.

"लतिकाबेन, ही सगळी घाण आपण जागा घ्यायच्या आधीची आहे, असं तुमच्या सही-शिक्क्याने लिहिलंय ना?"

"हो."

"विहिरीतली पण?"

"विहिरीतली पण."

दर्शनभाईंनी समाधानाने मान डोलवली आणि फोन उचलला.

"सौदा पक्का. सोमवारपासून आपल्या दुसऱ्या फॅक्टरीच्या घाण पाण्याचे टँकर त्याच खड्ड्यांत रिकामे करा. कुणी विचारलंच तर बेनचा अहवाल दाखवा, घाण जुनीच आहे म्हणावं."