पाटावरचं पिस्तूल

शैलजामावशीनं पिस्तुलाला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि सहा फुटी ड्वेनचे डोळे भरून आले.

संग्रामच्या जिवात जीव आला. टेक्सासमध्ये मोठं सरकारी कंत्राट हवं, तर कंपनीनं लिहून द्यायचं असतं की आम्ही बंदूकवाल्यांशी भेदभाव करत नाही. संग्रामनं ते हसत हसत लिहून दिलं होतं. त्याच्या कंपनीला सरकारी बागांमधल्या संडासांच्या तक्रारींचं अ‍ॅप करायचं होतं. त्यात बंदूक कुठून आली, हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. पण कंत्राटावर डोळा ठेवून बसलेल्या दुसऱ्या एका कंपनीनं तक्रार ठोकली, की ही माणसं अंडंसुद्धा खात नाहीत, बंदूकवाल्यांना दारात तरी उभं करतील का?

म्हणून आज राज्य सरकारची मिस हॉलोवे चौकशीला आली होती. पाचच्या आत तिनं तिच्या टॅबलेटवर सही केली नाही, तर कंत्राट त्या दुसऱ्या कंपनीला जाणार होतं. आणि दिवाळीआधी संग्रामच्या ऑफिसला कुलूप.

साक्षीला त्यानं ड्वेनला बोलावलं. ड्वेनचं बंदुकांचं दुकान. त्याची वेबसाइट संग्रामनं करून दिली होती. बंदूकवाला म्हणावा असं त्याच्याकडे हे एवढंच गिऱ्हाईक.

आज खंडेनवमी आहे, हे मात्र तो साफ विसरला होता. नागपूरहून आलेली मावशी विसरली नव्हती. तिनं सकाळीच सगळे लॅपटॉप, स्टेपलर, कॉफीचं मशीन पाटांवर मांडून पूजेला बसवलं होतं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची पूजा करायची, आणि दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ऑफिसातल्या पोरांनी खुशीत सगळ्या मीटिंग कॅन्सल केल्या आणि पेढ्यांच्या डब्याकडे मोर्चा वळवला.

तेवढ्यात ड्वेन आला. कमरेला पिस्तूल.

"अगंबाई, खरं शस्त्र," मावशी संग्रामला म्हणाली. "इतकी वर्षं मी आपली कात्रीवरच भागवत होते. माग रे त्याला."

ड्वेननं गोळ्या काढून खिशात घातल्या आणि पिस्तूल दोन्ही हातांनी मावशीला दिलं. मिस हॉलोवे फोटोवर फोटो काढत होती. "बंदुकीचा एवढा मान मी आमच्या चर्चमध्येसुद्धा पाहिला नाही," ती म्हणाली. मावशीनं संग्रामला तिला विचारायला लावलं, "तुझं पोट कशावर चालतं?" तिनं हसत टॅबलेट दाखवला. मावशीनं तोही पाटावर ठेवला, त्याला हळद लावली, आणि सगळ्यांची मिळून आरती झाली.

मग पेढा संपवून ड्वेननं पिस्तूल घ्यायला हात पुढे केला. मावशीनं त्याच्या हातावर चापट मारली.

"आज नाही. उद्या ने म्हणावं."

मिस हॉलोवेच्या भुवया वर गेल्या. सरकारी कंत्राट मागणारी कंपनी बंदूकवाल्याची बंदूक ठेवून घेते आणि परत देत नाही. संग्राम मावशीकडे वळला.

"मावशी, दे ना यार त्याला. माझी कंपनी जाईल."

"अन् पूजा मोडू? लॅपटॉपला हात नाही अन् यालाही नाही. सगळ्यांना सारखंच."

सारखंच. संग्रामनं तो शब्द झेलला. "मॅडम, पाहा," तो इंग्रजीत म्हणाला, "आमच्याकडे स्टेपलरला जो नियम, तोच पिस्तुलाला. भेदभाव नाहीच." आणि ड्वेन रागावू नये म्हणून, तोंडाला येईल ते जोडून दिलं, "आज हात लावला तर वर्षभर नेम चुकतो. उद्या उचललं, तर वर्षभर चुकत नाही."

असं कुठल्याच पोथीत नव्हतं. पण पुढच्याच आठवड्यात ड्वेनची नेमबाजीची स्पर्धा होती. त्यानं झटकन हात मागे घेतला आणि खिशात घातला.

मिस हॉलोवे खूश झाली. "मला एवढंच बघायचं होतं," ती म्हणाली. "द्या माझा टॅबलेट. सही करून टाकते."

घड्याळात पाचाला दहा मिनिटं कमी होती. संग्राम पाटाकडे धावला. मावशी आडवी आली. त्यानं हात जोडले, "टॅबलेट सोड ना. फार तर पिस्तूलही दे, म्हणजे सगळ्यांना सारखं." मावशीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि बाजूला झाली.

पण आता पाटापुढे ड्वेन उभा होता.

"मी माझं पिस्तूल उद्याच उचलणार," तो म्हणाला. आणखी एक पेढा तोंडात टाकून तो मिस हॉलोवेकडे वळला. "आणि त्याच्याआधी तुमचा टॅबलेट उचलला, तर मॅडम, याला आपल्या राज्यात भेदभाव म्हणतात."