ब्रेकमधली हवा

ब्रेकची डिस्क सुटता सुटेना. वर्षभर एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीचा गंज पार आतपर्यंत गेला होता. म्हाताऱ्याने लाकडाचा ठोकळा आडवा धरून हातोड्याचा आणखी एक दणका दिला. डिस्क खणकन सुटली आणि त्याच्या पायाशी येऊन पडली. पायरीवर बसलेली त्याची मुलगी दचकून उठली.

"लागलं का बाबा?"

"नाही."

हा माणूस शब्दांचा पक्का कंजूष. जन्म सगळा लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. त्याची बायको म्हणायची, लिफ्टशी कोण बोलतं, मग घरी तरी सवय कुठून असणार? गेल्या वर्षी ती गेली आणि घरातला आवाजच बंद झाला. आता गाडी मुलगी नेणार होती. पण गंजलेल्या ब्रेकची गाडी पोरीच्या हातात द्यायला त्याचं मन धजेना. म्हणून सकाळीच त्याने जॅक लावून चाकं उतरवली होती.

त्याने नवी डिस्क पुसून बसवली, पिस्टन मागे ढकलला, नवे पॅड सरकवले. जुना पॅड मात्र लगेच टाकवेना. तो त्याने मुलीपुढे धरला.

"बघ, केवढा जाड आहे अजून. गंजला नसता, तर आणखी कितीतरी चालला असता. पूर्वी तुझी आई वर्षात फस्त करायची. सारखा आपला ब्रेकवर पाय! शेवटी एकदा बोललो, तेव्हा सुधारली."

"काय बोललात?"

तो पाना फिरवत राहिला. "पाय उचलता येत नसेल, तर चालवूच नकोस म्हणालो."

खरं तर तो त्याहून बरंच बोलला होता. कुरकुर तो नेहमीच करायचा, आणि बायकोही ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. त्या दिवशी मात्र त्याने ताळतंत्र सोडलं होतं. शेजारच्या गॅलरीत माणसं बाहेर आली होती. बायकोने हात पुसले आणि ती आत निघून गेली. त्यानंतर तिने इतकी जपून गाडी चालवली, की ब्रेकच्या कामाची पुन्हा गरजच पडली नाही. आपण वाईट बोललो, हे तिला सांगायचं त्याच्या मनात होतं. उद्या सांगू, परवा सांगू करता करता राहून गेलं, आणि ते त्याला अजून सलत होतं.

दोन्ही चाकांचं काम झाल्यावर ब्रेकमधली हवा काढायला त्याने आतून ब्रेक ऑईलचा डबा, एक पारदर्शक नळी आणि रिकामी बाटली आणली. नळी कॅलिपरला जोडून तो चाकाशी बसला.

"आत बस. सांगितलं की ब्रेक दाब."

मुलगी गाडीत बसली. दार उघडंच ठेवलं.

"दाब."

तिने दाबला नाही. "बाबा, हवा कशाला काढताय? तेलाची नळी तर तुम्ही सोडलीच नाहीत. मग हवा शिरली कुठून? गेल्याच महिन्यात तुमच्या जावयाने आमच्या गाडीचं हेच काम केलं. शेवटी नुसतं पेडल घट्ट होईपर्यंत दाबलं. बस्स."

"माहीत आहे."

"मग आईला दर वेळी का बसवायचात?"

एरवी त्याने उत्तर दिलं नसतं. पण मुलगी दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता, आणि आवाज थोडा आईवर गेला होता.

"बसायची ना," तो म्हणाला. "एरवी कुठली बसायला! सारखी कामात."

दर वेळी असंच व्हायचं. बायको दार उघडं टाकून स्टीअरिंगमागे बसायची आणि सुरू व्हायची. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची दाढ दुखते, शिंप्याने बाही कशी उलटी लावली. तो खालून म्हणायचा, दाब, धर, सोड. हवेचा एक बुडबुडाही नसायचा. मध्येच ती विचारायची, "अहो, किती हवा आहे त्यात? एवढी फुग्यातसुद्धा नसते." तो म्हणायचा, "आहे अजून." नुसतं 'ये, बस जरा' म्हणायला काय हरकत होती? पण जीभ रेटली नाही, हेच खरं. बिचारीला खोटं सांगून बसवून ठेवलं, उन्हात पाय दुखवले, आणि वर बोललोही.

"बाबा, माझ्या बाळंतपणात आई आमच्याकडे राहिली होती, आठवतं? तुमच्या गाडीचे पॅड ती दर वर्षी संपवायची, त्या काळातली गोष्ट. तेव्हा आमची गाडी तीच चालवायची."

"मग? खाल्ले असतील तुमचेही पॅड."

"एकदासुद्धा उगीच ब्रेक दाबला नाही तिने. मी शेजारीच असायचे. शेवटी विचारलं, आई, इतकी छान चालवतेस, मग बाबांच्या गाडीतच काय होतं तुला?"

खाली पाना थांबला.

"तर हसली नुसती. म्हणाली, अगं, ब्रेक झिजल्याशिवाय हे मला जवळ बसवतात कुठे?"