स्टूलावरचं काम

काकूंनी फिल्टर तोंडाला लावला आणि जोरात फुंकर मारली.

"अहो काकू, हवेचा फिल्टर आहे तो, बासरी नव्हे!" दुकानदार हसला.

काकूंनी पलीकडून तळवा धरला होता. तळव्याला काही लागलं नाही. चाळीस वर्षं त्या तान्ह्या मुलांचे कपडे शिवत होत्या. कापड घेताना आधी तोंडाला लावायचं, फुंकर आरपार गेली नाही तर ते लेकराच्या अंगाला नाही, हा त्यांचा शिरस्ता.

"हा नको. आमचं घरातली हवा गाळायचं यंत्र म्हातारं आहे, याच्यातून हवा ओढताना त्याचाच जीव जाईल."

"पण सगळ्यात भारी हाच आहे. ऑपरेशनच्या खोलीत असले लावतात."

"मला कुठे ऑपरेशन करायचंय? मला नवऱ्याला घरी आणायचंय." बारा दिवस काका दवाखान्यात होते. आज चार वाजता सोडणार होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की घरातली हवा स्वच्छ नसेल तर आठवड्याच्या आत पुन्हा इथेच याल.

तिसऱ्या फिल्टरमधून फुंकर हलकेच तळव्यापर्यंत पोचली. "हा द्या."

"हाच तर काका नेतात दर तीन महिन्यांनी. गेल्या महिन्यात नेला की! इतक्यात खराब झाला?"

काकूंनी फिल्टर उलटसुलट करून पाहिला आणि पैसे मोजले.

घरी येऊन त्यांनी स्टूल काढलं. सहा वर्षांपूर्वी याच स्टूलावरून पडून त्यांचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून काकांनी ठणकावून सांगितलं होतं, स्टूलावरचं काम माझं, तू पाय ठेवायचा नाहीस. तेवढ्यात काकांना आणायला दवाखान्यात गेलेल्या मुलाचा फोन आला.

"आई, तू वर चढू नकोस हं. रविवारी मी बघतो."

"रविवारपर्यंत बाबा श्वास घ्यायचे थांबणार आहेत का?" म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि पदर खोचून त्या वर चढल्या.

भिंतीवरची यंत्राची जाळी उघडली. आतला फिल्टर ओढला तर हातात धुळीची गोधडीच आली. काठावर काकांनी पेन्सिलीने घातलेली तारीख होती. दोन वर्षं उलटून गेलेली.

"लबाड माणूस!" काकू रिकाम्या घरात ओरडल्या. दर तीन महिन्यांनी त्या शिवणाच्या दुकानातून घरी आल्या की काका ऐटीत सांगायचे, फिल्टर बदलला बरं का. आणि या भोळसटपणे आलं घालून चहा करायच्या! त्या चहांच्या आठवणीने काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जुना फिल्टर पिशवीत कोंबून, गाठ मारून, त्या पुसायला जुनं फडकं शोधू लागल्या. काकांच्या कपाटामागे हात घातला तर हाताला पुठ्ठा लागला. एकामागे एक उभे केलेले आठ फिल्टर, कोरे करकरीत. प्रत्येकावर तारीख, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने. शेवटची गेल्या महिन्यातली, त्यातले आकडे थरथरलेले.

काकू मटकन पलंगावर बसल्या. म्हणजे माणूस दुकानात गेला, फिल्टर आणला, तारीख घातली, स्टूलापर्यंत पोचला आणि तिथेच अडला. आठ वेळा. त्यांचे डोळे भरून आले. पण घड्याळात साडेतीन वाजले होते, रडायला वेळ कुठे होता! त्यांनी फडकं ओलं केलं आणि जाळी, कोनाडा, कोपरे, सगळं घासून पुसून काढलं.

दार उघडलं तेव्हा त्या पुन्हा स्टूलावर होत्या.

"आई! खाली उतर आधी!" काकांना दंडाला धरून आणणारा मुलगा ओरडला. "मी लावतो."

"तू दर तीन महिन्यांनी येणार आहेस?"

मुलाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"मग खुर्ची ओढ, बाबांना बसव, आणि मी आणलेला राहू दे, त्यांच्या कपाटामागचा गेल्या महिन्याचा फिल्टर आण."

कपाटामागचा म्हटल्यावर काकांनी मान खाली घातली. "गुडघे वर येईनात गं," दोन शब्दांमध्ये दम घेत ते म्हणाले. "सांगितलं असतं, तर तू चढली असतीस."

"चढलेच असते!"

"आणि पुन्हा पडली असतीस तर?"

"म्हणून स्वतःच्या छातीत धूळ भरून घेतलीत? मोठे शहाणे!" काकूंचा आवाज फाटला. मुलाने आणलेला फिल्टर आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल त्यांनी काकांपुढे धरली. "तारीख बदला."

काकांनी गेल्या महिन्याची तारीख खोडली आणि खाली आजची घातली. फिल्टर वर देताना पुटपुटले, "काठावरचा बाण यंत्राकडे."

"दिसतोय मला."

फिल्टर खाचेत सरकवताना खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलगा "बाबा, अहो बाबा" म्हणत धावला. काकूंनी खाली पाहिलं. काका उठून आले होते आणि स्टूल दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"बसा बघू! पडाल!"

"तू लाव," काका म्हणाले.

काकूंनी जाळी बसवली आणि मुलाला बटण दाबायला सांगितलं. यंत्र घुरघुरलं, आणि पलंगाच्या वरच्या झडपेतून हवा सुटली. पडदा हलू लागला. काकू एक एक पाय जपून टाकत खाली उतरल्या, पदराने त्यांनी हात पुसले.

काकांनी स्टूल अजून सोडलं नव्हतं.