भत्ता जिथं थांबतो

“गौतम भैया, आपकी डब्बेवाली आ गई!”

चौकीदारानं गोदामाच्या आत आवाज दिला आणि ई-रिक्षातून उतरता उतरता विनीता थबकलीच. तिनं मागं वळून पाहिलं. मागं दुसरी कोणी बाई नव्हती. म्हणजे डबेवाली तीच. एवढा संसार ओढला त्याचं हे बक्षीस, असं तिच्या मनात आलं.

चौकीदार बिचारा भला माणूस. तंबाखू मळत मोठ्या आपुलकीनं म्हणाला, “अच्छा है दीदी, घर जैसा खाना मिल जाता है उनको. बीवी-बच्चे तो नागपुर में हैं न. छुट्टी भी वहीं मिलती है. आज गाड़ी खाली हुई, तो कल अपने घर.”

विनीताच्या पायाखालची जमीनच सरकली. तिच्या माहितीप्रमाणे नागपुरात तिच्या नवऱ्याचं, गौतमचं, आता कोणी म्हणजे कोणी नव्हतं. आईवडील गेले, भाऊ कधीच सुरतेला निघून गेला. मग हे बायकोपोरांचं घर आलं कुठून?

गौतम नागपूरच्या एका मालकाचा ट्रक चालवायचा. पगार नावाला, घर चालायचं ते भत्त्यावर. भत्त्याचा हिशेब साधा होता. ड्रायव्हर घराबाहेर असेल तेवढे दिवस त्याला जेवणाखाणाचा भत्ता रोजच्या रोज मिळायचा. ज्या गावी त्याचं घर, त्या गावी गाडी लागली की तो बंद, कारण तिथं घरचं जेवण आणि घरची खाट. गौतम अर्धपोटी राहून त्यातलं वाचवायचा आणि घरी पाठवायचा. खोलीचं भाडं आणि लेकीची, चिन्मयीची, शाळा त्यावरच चालली होती.

विनीताला त्यानं एवढंच सांगितलं होतं की, गाडीत झोपलो तरच भत्ता, घरी आलो की गेला. तिनं ते निमूट मानलं. गाडी इथं जबलपूरच्या महाराजपुरात उभी राहायची आणि ती तिकडे घमापुरात. एकाच शहरात नवरा केबिनमध्ये आणि बायको खाटेवर, दोघंही जागेच. कितीदा तिला वाटायचं, जाऊ दे मेला तो भत्ता, एकदा तरी यांनी दाराची कडी वाजवावी, चपला काढाव्यात, जेवून इथंच आडवं व्हावं. मागणं काही फार मोठं नव्हतं. पण ती डबा घेऊन यायची, केबिनमध्ये त्याच्याजवळ बसायची आणि रिकामा डबा घेऊन परत जायची.

आज मात्र गाडीपाशी जाईपर्यंत तिनं नागपुरातल्या त्या बाईला साडीसुद्धा नेसवली होती. ती त्याला ताट वाढत असेल, अंगावर पांघरूण घालत असेल. जे जे स्वतःच्या वाट्याला आलं नाही, ते सगळं तिनं त्या बाईला देऊन टाकलं.

गौतम नळावर हात धूत होता. बायकोला पाहून नेहमीसारखा हसला.

“नागपूरले कोण आहे तुमचं?” तिनं विचारलं.

“कोणी नाही. काहून?”

“मंग घर नागपूर काहून सांगितलं मालकाले? सुट्टीत कोणाकडे जाता?”

त्याचं हसू गेलं. तो ट्रकच्या पायरीवर बसला. “तुले कोणी सांगितलं?”

“ते राहू द्या. खरं सांगा, मी रडणार नाही.”

“जबलपूर सांगितलं असतं, तर इथं भत्ता बंद होता,” तो खाली पाहत म्हणाला. “अन् गाडी तर इथंच जास्त थांबून राहते, माल लवकर उतरत नाही. म्हणून भावाचा नागपूरचा जुना पत्ता देऊन टाकला. मंग मी इथला राहिलोच नाही न. घरी आलो असतो, तर या गोदामवाल्यांले समजलं असतं. तुले डबेवाली म्हणावं लागलं, तेव्हा जिवावर आलं होतं माह्या.”

“अन् सुट्टी?”

“सुट्टीत पिशवी उचलतो अन् सगळ्यांसमोर निघतो, घरी चाललो म्हणून. एका दिवसात इथं येऊन परत जाणं होत नाही, म्हणून नागपूरच्याच स्टेशनावर जाऊन बाकावर पडून राहतो. सुट्टी सरली की दाढी करतो, धुतलेला शर्ट घालतो अन् परत येतो.” त्यानं ओले हात शर्टाला पुसले. “मालकाचे मुनीमजी विचारते, काय गौतम, घरी काय जेवला? मी सांगतो, भरीत केलं होतं बायकोनं, अन् गरम भाकर. तो म्हणते, नशीबवान आहेस लेका.”

विनीताच्या डोळ्यांपुढची ती बाई, ते ताट, ते पांघरूण, क्षणात काही उरलं नाही. उरला तो बाकावर पिशवी उशाला घेऊन पडलेला तिचा नवरा, आणि त्याच्यासाठी तिचा जीव तुटला. भत्ता गेला तर काय होईल ते तिला पुरतं ठाऊक होतं. चिन्मयीची शाळा बदलावी लागेल, लोकांच्या कपड्यांचं शिवण घ्यावं लागेल. कदाचित मालक खोटं बोलल्याबद्दल नोकरीवरूनही काढेल. तिनं पदरानं डोळे पुसले आणि हात पुढं केला.

“फोन द्या. मुनीमजीले लावून द्या.”

“वेडी झाली का तू?”

“हाव, झाली. लावा.”

तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

“हां गौतम, बोल,” पलीकडून मुनीमजी म्हणाले. “गाडी खाली झाली का?”

“मी गौतमच्या घरून बोलून राहिली, मुनीमजी,” विनीता म्हणाली. “जबलपूरहून.”