मुकादमाचा वारसदार

"वॉशरने आज पुन्हा सगळ्यांना हसवलंय," बायको फोनवरची नजर न काढता म्हणाली.

प्लंबर स्वतःच्याच घरच्या सिंकखाली उताणा पडून नट आवळत होता. त्याने पाना गरजेपेक्षा जरा जास्तच फिरवला.

"पक्कड देऊ?"

"माझ्या पेटीला हात लावू नकोस."

घरचा नळ घरीच दुरुस्त करणाऱ्यांचा तो ऑनलाइन गट त्याने स्वतः उभा केला होता. गटात सगळे त्याला मुकादम म्हणत, आणि ते काही प्रेमाने नव्हे. त्याच्या परवानगीशिवाय तिथे 'धन्यवाद'सुद्धा उमटत नसे. गळक्या शॉवरवर कुणी कविता टाकली, ती त्याने 'विषयाला धरून नाही' म्हणून उडवली. शेवटी सदस्यांनी निर्वाणीचं सांगितलं, कारभार सोडा, नाहीतर आम्ही गट सोडतो.

त्याने खूप विचार केला. एवढ्या माणसांत विश्वासाचा असा एकच माणूस सापडला. वॉशर या नावाने नुकताच आलेला. किल्ल्या त्याच्याकडे गेल्या.

आणि गट बहरला. वॉशर कुणावर खेकसत नसे. तोच तो प्रश्न कितीदा आला तरी शांतपणे सांगे, "काका, आधी मेन कॉक बंद करा." शॉवरची कविता तर त्याने परत आणून सगळ्यांत वर टांगली.

"नळाच्या गटात कविता!" प्लंबर सिंकखालून करवादला.

"अहो, छान आहे ती. आणि माहिती किती त्याला! अगदी तुमच्यासारखी."

"माझ्याकडूनच शिकलाय. माझं नाव घेतं का कुणी?"

"घेतात की. 'मुकादम गेला, पाणी आलं' असं लिहिलंय एकाने. वॉशरनेही त्याला हसरा चेहरा दिलाय."

"नाइलाज असेल त्याचा."

"जळताय तुम्ही. त्यापेक्षा एकदा जेवायला बोलवा त्याला."

"पोसतोय तेवढं पुरे!"

त्याच दुपारी प्लंबरने गटात लिहिलं, की वॉशरला साधी टेपसुद्धा गुंडाळता येत नाही. सदस्य त्याच्यावर तुटून पडले. वॉशरने मात्र सगळ्यांना आवरलं. 'मुकादम ज्येष्ठ आहेत. सांभाळून घ्या.'

इतका अपमान प्लंबरचा आजवर कुणी केला नव्हता.

संध्याकाळी गटात मतदान झालं, मुकादमाला काढायचं का? विरोधात एकच मत पडलं, ते त्याचं स्वतःचं. वॉशरने मत दिलंच नाही. अखेरचा निर्णय त्याच्यावर सोपवून सगळे वाट बघत बसले.

"आपणच बांधलेल्या घरातून बाहेर," प्लंबर म्हणाला.

"नाही काढणार हो तो. भला माणूस आहे."

"तेच तर खुपतं."

"तुम्ही त्याच्या जागी असता तर?"

"मी? केव्हाच हाकललं असतं."

बायको हसत बाहेर गेली. प्लंबरने हात पुसले, पेटी उघडली आणि रबरी चकत्यांच्या डबीखालून दुसरा फोन काढला. 'मित्रहो, जड अंतःकरणाने,' त्याने वॉशरच्या नावाने लिहिलं, आणि जराही न खेकसता मुकादमाला गटाबाहेर काढलं.